प्लग-इन हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक? सायखेड्याहून मांडलेला हिशेब

द्राक्षाचे साल साधले की निफाड तालुक्यात दोन चौकशा वाढतात: एक ट्रॅक्टरची, दुसरी गाडीची. निर्यातीचे पैसे हातात आलेला बागायतदार हल्ली गाडी बघायला जातो तेव्हा पन्नास लाखांच्या, कोटीच्या, कधी दोन कोटींच्या गाड्याही त्याच्या नजरेत असतात. डिझेल घ्यायचे की पेट्रोल, हा जुना प्रश्न आता मागे पडला आहे. नवा प्रश्न असा: पूर्ण विजेवरची घ्यावी, की विजेवर चालणारी आणि पोटात इंजिनही असणारी प्लग-इन हायब्रिड घ्यावी? विक्रेत्याचे उत्तर तयार असते. “दादा, हायब्रिड घ्या. लाइट पण आहे, पेट्रोल पण आहे. अडकायचा विषयच नाही.”

ऐकायला हे पटते. गाव सायखेडा, लाइटचा भरवसा नाही, नाशिक जवळ पण मुंबई-पुणे लांब, तेव्हा दोन्हीकडून सोय असलेली बरी. पण ही सोय कागदावर जेवढी आहे तेवढी रस्त्यावर मिळते का? आणि भारतात तिची किंमत काय पडते? या दोन प्रश्नांची उत्तरे आकडे मांडून पाहिली तर निवड बरीच सोपी होते.

हायब्रिड नेमकी कोणती?

‘हायब्रिड’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गाड्या विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड. तिच्यात ४८ व्होल्टची लहानशी बॅटरी असते. ती इंजिनाला सुरू होताना आणि वेग घेताना हातभार लावते, एवढेच. नुसत्या विजेवर ही गाडी चालत नाही. आजच्या बहुतेक आलिशान पेट्रोल-डिझेल गाड्या या प्रकारच्या आहेत. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. टोयोटाची वेलफायर किंवा लेक्ससची ईएस ३००एच या त्यातल्या. त्या कमी वेगात थोडे अंतर विजेवर कापतात, पण त्यांना बाहेरून चार्ज करता येत नाही. त्यांची सगळी वीज पेट्रोलमधून आणि ब्रेकमधून येते.

तिसरी प्लग-इन हायब्रिड. हिची बॅटरी मोठी, साधारण १३ ते ३० युनिटांची. घरच्या प्लगवर ती भरायची, पहिले तीस-चाळीस ते सत्तर-ऐंशी किलोमीटर विजेवर जायचे, मग इंजिन सुरू. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्श यांनी १९०० सालीच इंजिन आणि विजेची मोटार एकत्र असलेली गाडी बनवली होती. आजच्या अर्थाची, कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली पहिली प्लग-इन हायब्रिड म्हणजे चीनच्या बीवायडीची एफ३डीएम. ती डिसेंबर २००८ मध्ये आली. दोन वर्षांनी अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली. भारतात बीएमडब्ल्यूची आय८ २०१५ मध्ये आणि व्होल्वोची एक्ससी९० टी८ २०१६ मध्ये दाखल झाली.

पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत इंजिन, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर यांतले काहीच नसते. गाडीच्या तळाशी ६५ ते १२० युनिटांची बॅटरी, आणि चाकांजवळ एक किंवा दोन मोटारी.

यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश चाकापर्यंत पोचवते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतली ऐंशी-नव्वद टक्के ऊर्जा चाकाला मिळते. म्हणून शंभर युनिटांची बॅटरी, जी हिशेबाने अकरा लिटर पेट्रोलएवढीच ऊर्जा साठवते, ती गाडी पाचशे किलोमीटर नेऊ शकते.

सरकारने काटा आधीच झुकवला आहे

युरोपात या दोन गाड्यांच्या किमती बऱ्याचदा जवळपास असतात. त्यामुळे तिथे निवड खरोखर वापरावर ठरते. आपल्याकडे तसे नाही. विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गाडी दहा लाखांची असो की दोन कोटींची, दर तोच. हायब्रिडला ही सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले तेव्हा मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि सरळ ४० टक्के कर आला. चार मीटरहून लांब किंवा मोठ्या इंजिनाची हायब्रिड याच ४० टक्क्यांत मोडते, मग तिला प्लग असो वा नसो.

आता वाहन कर. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के कर आहे. त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख झाली. बॅटरीवरच्या गाडीला हा कर माफ. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, पण मुख्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात तो मागे घेतला.

एक कोटी मूळ किमतीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा. विजेची गाडी जीएसटीसह एक कोटी पाच लाखांना पडते. प्लग-इन एक कोटी चाळीस लाखांना. तिला पेट्रोलचा १३ टक्के दर लावला तर आणखी अठरा लाखांच्या वर. म्हणजे गाडी फाटकातून बाहेर पडण्याआधीच पन्नास लाखांहून अधिक फरक. हिरव्या नंबरप्लेटचेही तसेच. ती बॅटरीवरच्या गाड्यांना मिळते, इंजिन असलेल्या प्लग-इनला पांढरीच. २०२५ च्या राज्य धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. ही माफी राज्याच्या रस्त्यांवरची. राष्ट्रीय महामार्गावरचे नाके तिच्यात येत नाहीत, त्यामुळे नाशिक-मुंबई जुन्या रस्त्याने जाणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

करांतल्या या फरकामुळे आपल्याकडे कोणत्या प्लग-इन गाड्या आल्या ते पाहण्यासारखे आहे. बीएमडब्ल्यू एक्सएम, डिसेंबर २०२२, दोन कोटी साठ लाख. मर्सिडीज-एएमजी एस ६३ ई परफॉर्मन्स, मे २०२४, तीन कोटी तीस लाख. लॅम्बोर्गिनी उरुस एसई, ऑगस्ट २०२४, चार कोटी सत्तावन्न लाख. बीएमडब्ल्यू एम५, नोव्हेंबर २०२४, जवळपास दोन कोटी. या सगळ्या एक्स-शोरूम किमती त्या वेळच्या. यांच्यात चार-साडेचार लिटरची आठ सिलिंडरची इंजिने आहेत आणि बॅटरी जोडली आहे ती मुख्यत: ताकद वाढवायला. एस ६३ ची ताकद ८०२ हॉर्सपॉवर, आणि तिची १३.१ युनिटांची बॅटरी नुसत्या विजेवर नेते अवघी तेहतीस किलोमीटर. म्हणजे सायखेड्याहून निघालात तर नाशकात पोचेपर्यंत विजेचा खेळ संपला.

युरोपात प्लग-इन हायब्रिड ही पेट्रोलकडून विजेकडे जातानाची मधली पायरी आहे. आपल्या बाजारात ती बहुतांशी वेगाच्या शौकिनाची गाडी आहे. ‘मधला मार्ग’ म्हणून ती घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

रोजचे साठ किलोमीटर

सायखेडा आणि चांदोरी गोदावरीच्या दोन काठांवर समोरासमोर. पूल ओलांडला की नाशिक-निफाड रस्ता. नाशिक साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत, सिन्नर हे सगळे तेवढ्याच टप्प्यात. बाजार समिती, बँक, पॅकहाउस, मुलांचे कॉलेज, दवाखाना, लग्नकार्य यांसाठीची रोजची धाव क्वचितच साठ-सत्तरच्या पुढे जाते.

वर्षाचे तीनशे दिवस, रोज साठ किलोमीटर असे धरू. अठरा हजार किलोमीटर झाले. मोठी विजेची गाडी शंभर किलोमीटरला वीस युनिट घेते. वर्षाचे ३,६०० युनिट. घरगुती वरच्या टप्प्याचा दर बारा रुपये धरला तर ४३ हजार रुपये. प्लग-इन गाडी जड आणि ताकदीची, तिला विजेवरही शंभर किलोमीटरला सत्तावीसच्या आसपास युनिट लागतात. रोज न चुकता चार्ज केली तर वर्षाला ५८ हजार. आणि कधीच चार्ज केली नाही, नुसत्या पेट्रोलवर लिटरला आठ किलोमीटरने चालवली, तर १०४ रुपये दराने दोन लाख चौतीस हजार.

म्हणजे प्लग लावण्या-न लावण्यातला फरक वर्षाला पावणेदोन लाखांचा. साध्या घराला ही रक्कम मोठी. पण ज्याने कराचेच पन्नास लाख जादा भरले, त्याला पेट्रोलच्या या बचतीतून ते वसूल करायला अठ्ठावीस वर्षे लागतील. पेट्रोल वाचवायला भारतात महागडी प्लग-इन हायब्रिड घेणे हा व्यवहारच बसत नाही.

शिवाय विजेवरचे अंतर छापील असते. एम५ ची १८.६ युनिटांची बॅटरी प्रयोगशाळेत सत्तरच्या जवळ जाते. एप्रिलच्या उन्हात एसी लावून, गतिरोधकांवर थांबत, ट्रॅक्टरच्या मागे रांगत गेल्यावर पन्नास-पंचावन्न मिळाले तरी समाधान मानावे. नाशिकची एक फेरी आणि घराच्या अलीकडे इंजिन सुरू, असा तो प्रकार.

युरोपने काय पाहिले

प्लग असलेली गाडी लोक खरोखर प्लगला लावतात का? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने आणि आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये युरोपातल्या हजारो प्लग-इन गाड्यांचा प्रत्यक्ष वापर तपासला. खासगी मालकांच्या गाड्या निम्म्याहून थोडे कमी, ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर चालत होत्या. कंपनीने दिलेल्या गाड्या फक्त ११ ते १५ टक्के. कारण उघड आहे. पेट्रोलचे बिल कंपनी भरते, मग घरी येऊन वायर कोण जोडणार? युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांच्या आतल्या मीटरची आकडेवारी मांडली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट भरले.

आपल्याकडे या गाड्या बऱ्याचदा चालकाच्या हातात असतात. रात्री गाडी लावून चालक घरी जातो. चार्जर लावायला विसरला तरी सकाळी गाडी सुरू होते, कुणाला काही कळत नाही. पूर्ण विजेच्या गाडीत असे विसरून चालत नाही, म्हणून तिथे सवय लागते. प्लग-इनमध्ये इंजिन असते, म्हणूनच सवय मोडते. आणि बॅटरी रिकामी असताना तीच गाडी दोन-तीनशे किलोचे जादा ओझे वाहणारी पेट्रोल गाडी होते. नव्या एम५ चे वजन दोन टन चारशे किलोच्या पुढे आहे.

सांभाळायलाही दोन संसार. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, रेडिएटर हे सगळे आहेच, वर बॅटरी, तिचे कूलिंग आणि विजेची मोटार. घरी ट्रॅक्टर घेतला आणि बैलजोडीही ठेवली, तर डिझेलही लागते आणि चाराही. तसेच हे.

रात्री गाडी कुठे उभी राहते

विजेची गाडी घ्यायची की नाही, हे शोरूमपेक्षा घरच्या मीटरवर जास्त ठरते. शहरातल्या फ्लॅटमध्ये पार्किंगला पॉइंट मिळवण्यासाठी सोसायटीशी भांडावे लागते. सायखेड्यात ती अडचण नाही. अंगण आपले, भिंत आपली, मीटर आपला. अडचण दुसरीच आहे.

घर गावठाणात असेल तर गावाच्या फिडरवर वीज बहुतेक वेळ असते. पण अनेक बागायतदारांचे बंगले मळ्यात आहेत, आणि मळ्यातल्या वस्त्यांचा पुरवठा बऱ्याच ठिकाणी शेतीच्या फिडरशी जोडलेला. तिथे थ्री फेज ठरल्या तासांपुरतीच असते, आठवड्याला दिवस-रात्र पाळी बदलते, आणि बाकी वेळ सिंगल फेजवर दिवे-पंखे चालतात. म्हणून पहिली चौकशी करायची ती आपल्या डीपीवर रात्री काय असते याची.

इथे भीती असते त्यापेक्षा गणित सोपे निघते. पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवर गाडी तासाला अडीच-तीन युनिट घेते. रात्रीच्या दहा तासांत पंचवीस-तीस युनिट, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रोजच्या साठ किलोमीटरला एवढे पुरून उरते. सिंगल फेजचा ७.४ किलोवॅटचा चार्जर बसवला तर आठ तासांत साठ युनिटांच्या आसपास. टाकी रोज शून्यापासून भरायची नसते, जेवढे वापरले तेवढेच भरायचे असते. हे एकदा उमगले की थ्री फेजचा आग्रह निम्मा कमी होतो. मात्र घरचा मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो. दोन एसी, गिझर आणि चार्जर एकाच वेळी चालले आणि मंजूर लोड पाच किलोवॅटचा असला, तर लाइट जाणारच.

खरा घोळ होतो अर्थिंगचा. गाडी चार्जिंग घेण्याआधी स्वत: तपासणी करते. अर्थिंग कच्चे असले, न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज दिसले, की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. मालकाला वाटते गाडी बिघडली. प्रत्यक्षात बंगल्याचे अर्थिंग बांधकामाच्या वेळी कसेबसे केलेले असते, किंवा तार गंजून तुटलेली असते. वायरमन आणून चार्जरसाठी वेगळा खड्डा घ्यावा: दोन-अडीच मीटर खोल, जीआय पाइप किंवा तांब्याची पट्टी, भोवती कोळसा-मीठ किंवा अर्थिंगची तयार पावडर, वर पाणी घालायला तोंड. उन्हाळ्यात माती सुकली की त्यात बादलीभर पाणी ओतायचे. काही हजारांचे काम, पण ते झाले नाही तर कोटीची गाडी अंगणात नुसती उभी राहते. मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र जाड केबल आणि स्वतंत्र एमसीबी हवी. लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डवर रात्रभर चार्जिंग करणे म्हणजे आगीला निमंत्रण.

एक मोह टाळावा. विहिरीवरच्या मोटारीचे कनेक्शन जवळ असते, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली बिलही नाही. तिथूनच गाडी लावली तर? शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे हा विजेचा अनधिकृत वापर. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी दुप्पट दराने होते. घरगुती मीटरवर मात्र स्वत:ची गाडी चार्ज करायला कसलाही परवाना लागत नाही.

छतावर सोलर असेल तर आणखी चांगले. एक किलोवॅटचे पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देते. तीन किलोवॅटला पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांचे अनुदान आहे, आणि तेवढ्या पॅनलचे रोजचे बारा युनिट साठ किलोमीटरला बरोबर पुरतात.

मुंबई, घाट आणि समृद्धी

आता लांबचा पल्ला. इथेच प्लग-इनचा वकील बोलू लागतो, आणि त्याचे म्हणणे पूर्ण खोटे नाही.

मर्सिडीजची ईक्यूएस ५८० पुण्याजवळच्या चाकणमध्ये जुळवली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये ती एक कोटी पंचावन्न लाखांना आली. बॅटरी १०७.८ युनिटांची, एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले अंतर ८५७ किलोमीटर. हा आकडा चाचणीतल्या मंद वेगाचा. शंभराला अठरा युनिट धरले तर सहाशे, आणि समृद्धीवर १२० च्या वेगाने एसी लावून गेलात तर शंभराला बावीस-तेवीस, म्हणजे पावणेपाचशेच्या आसपास. मुंबईला जाऊन येणे साधारण चारशे किलोमीटर. ईक्यूएस हे एका चार्जमध्ये करते. बीएमडब्ल्यूची लांब आयएक्स१, जानेवारी २०२५ मध्ये एकोणपन्नास लाखांना आलेली, ६६.४ युनिटांची, हे करणार नाही. तिला मुंबईत किंवा वाटेत अर्धा-पाऊण तास थांबावे लागेल.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग इगतपुरी ते आमणे या शेवटच्या टप्प्यासह ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला. सायखेडेकराला सिन्नरजवळच्या गोंदे इथून त्यावर चढता येते. नागपूर तिथून साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. कोणत्याही विजेच्या गाडीला त्या वेगाने मधे एकदा थांबणे आले. थांबण्याची जागा आधी ॲपवर पाहून, तिथे दोन मशिने आहेत याची खात्री करून निघावे. गाडी दोनशे किलोवॅट घेऊ शकते म्हणून उपयोग नाही. मशीन साठाचे असेल तर साठच मिळतात. आणि ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावते, म्हणून शंभर टक्के होईपर्यंत बसून राहू नये.

वर्षातून चार वेळा नागपूर-मुंबई करणाऱ्याला हे चार थांबे म्हणजे चार चहा. पण ज्याचा व्यापारच परराज्यात आहे, जो आठवड्याला हजार किलोमीटर अनोळखी रस्त्याने फिरतो, त्याला पेट्रोल पंपाची खात्री हवी असते. त्याचे खरे उत्तर मात्र डिझेल किंवा स्ट्राँग हायब्रिड आहे. लांब पल्ल्यात प्लग-इनची बॅटरी पहिल्या तासातच संपते.

ज्याने प्लग-इन घेतलीच आहे त्याने एक युक्ती वापरावी. बहुतेक गाड्यांत बॅटरी राखून ठेवायची सोय असते. महामार्गावर इंजिन चालू द्यावे आणि वीज ठाणे-मुंबईच्या कोंडीसाठी ठेवावी. इंजिन महामार्गावर सर्वांत कमी वाया घालवते, मोटार कोंडीत.

घाटाचेही ऐकीव गणित बरेच असते. कसारा उतरताना बॅटरी भरते, हे खरे, पण किती? इगतपुरी ते कसारा उतार साधारण तीनशे मीटरचा. अडीच टनांची गाडी तेवढी उतरली की दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. हवेचा आणि टायरचा वाटा जाऊन निम्मी परत आली तर एक युनिट, म्हणजे पाच किलोमीटर. परतीच्या चढाला दोनाहून जास्त युनिट जादा जातात. फायदा बॅटरीपेक्षा ब्रेकचा अधिक. ब्रेक तापत नाहीत, पॅड वर्षानुवर्षे टिकतात. हा फायदा दोन्ही गाड्यांना सारखा.

पूर आणि थंडी

सायखेड्याला गाडी घेताना गोदावरीचा विचार करावाच लागतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर गावाने पाहिले आहेत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि खाली नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा असला की सायखेडा-चांदोरीच्या बाजारपेठेत पाणी शिरते.

विजेच्या गाडीला पाण्यात शॉक बसतो, ही भीती बहुतेक अनाठायी आहे. चांगल्या गाड्यांच्या बॅटरीला आयपी६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ती चाचणीत टिकलेली असते. इंजिनाला हवा लागते, आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले तर कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन संपते. प्लग-इनमध्ये हा धोकाही आहे आणि बॅटरीचाही. पण आयपी६७ म्हणजे पुरात गाडी घालायचा परवाना नव्हे. गाडी रात्रभर पाण्यात राहिली तर कोणतीही असो, सुरू करू नये, चार्जरला लावू नये, आणि चारही चाके उचलून दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी. विजेच्या गाडीची चाके फिरली की मोटार वीज तयार करते, म्हणून तिला ओढत नेणे चुकीचे. विम्यात विजेच्या गाडीला बॅटरीचे आणि प्लग-इनला इंजिन-बॅटरी दोन्हींचे संरक्षण जोडून घ्यावे. चार्जर भिंतीवर लावताना तो २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर लावावा.

थंडीचे तसे निराळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या नव्या नाहीत. बागेत शेकोट्या पेटतात त्या पहाटे बॅटरीही गारठलेली असते. अंतर थोडे घटते आणि ब्रेकमधून परत मिळणारी वीज सुरुवातीला कमी मिळते. चार्जिंग पहाटे संपेल अशी वेळ लावली तर बॅटरी कोमट राहते.

बॅटरी किती टिकेल?

इथे एक उलटे गणित आहे. लोकांना वाटते मोठी बॅटरी म्हणजे मोठी जोखीम. पण रोज साठ किलोमीटर चालणारी प्लग-इन आपली छोटी बॅटरी रोज जवळजवळ पूर्ण रिकामी करते आणि पूर्ण भरते. वर्षाला अडीचशेहून अधिक पूर्ण फेरे. त्याच अंतराला ईक्यूएसची बॅटरी रोज जेमतेम अकरा टक्के वापरते, वर्षाचे तेहतीस-चौतीस फेरे. बॅटरीचे आयुष्य वर्षांप्रमाणे फेऱ्यांवरही अवलंबून असते. म्हणून वापर सारखा असेल तर मोठी बॅटरी आरामात राबते, छोटी घाम गाळते. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, ईक्यूएसला दहा वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटर. जुन्या आलिशान गाडीची किंमत झपाट्याने पडते, आणि विजेच्या गाडीत दरवर्षी नवे तंत्र येत असल्याने ती जास्त पडते. तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर हा तोटा आधीच धरून ठेवावा. आठ-दहा वर्षे वापरणार असाल तर त्याची फिकीर कमी.

मग कोणी काय घ्यावे?

घर स्वत:चे, रात्री आठ तास भरवशाची वीज, रोजचे अंतर दीडशेच्या आत आणि मुंबई-पुणे महिन्यातून दोन-तीनदा: पूर्ण इलेक्ट्रिक. सायखेड्यातली बहुतेक घरे या ओळीत बसतात, आणि कराचा सगळा फायदाही इथेच आहे. घरात आधीच एक डिझेल गाडी असेल, तर अडण्याची शेवटची भीतीही संपते.

रात्रीची वीज बेभरवशाची आणि दुसरी गाडी नाही: आधी वीज नीट करा किंवा डिझेल, स्ट्राँग हायब्रिड घ्या. प्लग-इन इथे उपयोगी नाही, कारण ज्या घरात विजेची गाडी चार्ज होत नाही तिथे प्लग-इनही होणार नाही.

आठ सिलिंडरचा आवाज, आठशे हॉर्सपॉवरचा धक्का, आणि जवळच्या कामाला आवाज न करता जाऊन येण्याची हौस: तर प्लग-इन हायब्रिड जरूर घ्या. हौसेला मोल नसते, फक्त तिला काटकसर म्हणू नये.

ठरवण्याआधी दोन कामे करावीत. महिनाभर रोज रात्री सध्याच्या गाडीचे किलोमीटर डायरीत लिहावेत. दीडशेच्या वर गेलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे निघाले तर प्रश्न सुटला. आणि शोरूममध्ये चाचणी फेरी घेण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन आपला फिडर कोणता, मंजूर लोड किती आणि तो वाढवायला डीपीवर जागा आहे का, हे विचारून यावे. विक्रेता गाडी दाखवेल, पण ती तुमच्या अंगणात चालेल की नाही हे लाइनमनला अधिक ठाऊक असते.